फिरकीच्या तांब्यातलं पाणी

निघायच्या सकाळी मी स्वतः विहिरीत उतरलो आणि शेवटच्या पायरीवर उभं राहून फिरकीचा तांब्या (झाकण फिरवून बसवायचा, प्रवासाचा) बुडवून भरला. काठावर तुकाराम उभा होता. गावानं त्याला साक्षीदार म्हणून माझ्याबरोबर दिला होता. मी वाटेत कुठं तरी दुसरं पाणी भरीन असा काही जणांना संशय होता. मी झाकण आवळलं आणि तांब्या वर धरून त्याला दाखवला.

"बगितलंस का नीट?"

"बगितलं. आता मिरज येईस्तवर माझी नजर त्याच्यावरनं हलायची न्हाई, ज्ञानू."

"रस्त्याकडंबी जरा ठेव. न्हाईतर तुलाच दवाखान्यात ठिवून यावं लागंल."

आमचं गाव आटपाडीच्या बाजूला, माळावर. दोन पिढ्यांमागं मेंढरं, आता मेंढरंही आणि थोडी ज्वारीही. गावात प्यायच्या पाण्याला एकच पायविहीर (पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरता येतं अशी). ती माझ्या आज्यानं आमच्या रानात काळा कातळ फोडून बांधली आणि सगळ्यांना मोकळी ठेवली. कागदावर ती आजही आमची आहे.

त्या उन्हाळ्यात मिरजेच्या एक डॉक्टरीणबाई आमच्या भागात नारूचं संशोधन करत फिरत होत्या. नारू म्हणजे माणसाच्या पायातनं बाहेर निघणारा, दोऱ्यासारखा लांब किडा. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळून काढावा लागतो. मधेच तुटला तर पाय सुजतो आणि माणूस अंथरुणाला खिळतो. आमच्याकडं नारू झाला नाही असं माणूस शोधून काढावं लागेल. माझ्या घोट्यावर त्याची खूण आहे. बाईंनी चावडीत सांगितलं की नारू विहिरीतून येतो. पायऱ्या बंद करा, काठाला भिंत घाला, वरून दोरीनं पाणी शेंदा (ओढून काढा), म्हणजे तो जाईल.

गाव तयार झालं. मी झालो नाही, आणि माझ्या होकाराशिवाय दगड हलणार नव्हता. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पण डोळे मला इतरांएवढेच आहेत. मी म्हणालो, किडा मला दाखवा, मग बोला. बाई म्हणाल्या, "मिरजेला या. पाणी तुमच्या हातानं भरून आणा. त्यात काही सापडलं नाही, तर मी पायऱ्यांचं नाव काढणार नाही." हा शब्द त्यांनी सगळ्यांदेखत दिला.

तुकारामाला पायऱ्या बंद व्हायला हव्या होत्या. त्याची बायको सोना गुडघ्याशी नारू निघून पाडव्यापासनं बाजेवर पडलेली होती. बाईंनी तिला घरी येऊन बघितलं होतं. पाणी, भाकरी, शेरडं, सगळं त्याच्याच गळ्यात आलं होतं.

दुष्काळात आम्हीच खडी फोडून केलेल्या रस्त्यानं चालत फाट्यावर आलो आणि विट्याची एसटी धरली. माळावर त्या दिवसांत बघण्यासारखं काही नसतं. कुसळ वाळलेलं, बाभळीच्या सावलीला मेंढरं डोकी एकमेकांच्या पोटाखाली घालून उभी. तुकारामाला खिडकी पाहिजे होती, मला तांब्याला आधार पाहिजे होता. म्हणून तो खिडकीशी बसला आणि तांब्या आमच्या दोघांच्या मधे.

भिवघाटाचा चढ लागला आणि गाडीच्या नाकातनं वाफ यायला लागली. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. कंडक्टर एकेका बाकाशी येऊन पाणी मागायला लागला. कुणी कळशी दिली, कुणी पोराची बाटली दिली. माझ्यापाशी आल्यावर त्यानं हात पुढं केला.

"आजोबा, तांब्या."

"ह्यातलं मिळायचं न्हाई."

"आवं, गाडी हलायची न्हाई तर तुमी काय तांब्यात बसून जाणार हाय व्हय?"

सगळी गाडी हसली. मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "काशीचं गंगाजळ आसंल त्येंचं." तुकाराम लगेच उठून म्हणाला, "न्हाई न्हाई, काशीचं न्हाई, आमच्याच गावचं. नारूचं पानी हाय." मग मात्र कंडक्टरनं हात मागं घेतला आणि शेजारच्या बाईनं लुगडं सावरून घेतलं. मी तांब्या उचलून मांडीवर घेतला.

विट्याहून दुसऱ्या गाडीनं कुंडलकडं निघालो. येरळेचं पात्र कोरडं ठणठणीत होतं, पण त्याच्या पलीकडं जसजसं खाली उतरावं तसतसा मुलूख बदलत गेला. आधी विहिरीवरची इंजिनं ऐकू आली, मग ऊस दिसला, मग दोन्ही अंगाला उसाशिवाय काही दिसेना. हवेला ओला वास होता. तुकाराम म्हणाला, "हितली मानसं आळशी आसणार." मी म्हणालो, आसू देत, माझी लेक हितंच दिलीय.

लेकीचं नाव हौसा. जावई फौजेत, तेव्हा पंजाबात होता. घरी ती, सासू आणि दोन पोरं. घर दगडी, मागं परसात त्यांचा स्वतःचा आड (तोंडाशी कठडा असलेली अरुंद विहीर). हौसानं आल्या आल्या हातपाय धुवायला पाणी दिलं आणि गूळ पुढं ठेवला. तिची सासू दारातनं म्हणाली, "व्हय पाव्हणं, इतक्या उन्हाचं कुणीकडं?"

मी म्हणालो, मिरजेला एकजण दवाखान्यात हाय, त्याला बघून येतो. तुकारामाला मी आधीच बजावून ठेवलं होतं की इथं विहिरीचा विषय काढायचा नाही. लेकीच्या सासरी आपल्या गावच्या पाण्यात किडं आहेत का नाहीत याची चर्चा कशाला? एकदा बोललं की ती सासू ते वर्षभर पुरवून वापरील. म्हणून तांब्यात काय आहे तेही मी हौसाला सांगितलं नाही. तो खुंटीला अडकवला आणि जेवायला बसलो. भाकरी, वांग्याचं भरीत, वर ताक. तुकारामानं ताक इतक्यांदा मागितलं की सासू म्हणाली, "घ्या घ्या, तुमच्याकडं पान्याचा तोटा आसतोय, ताकाचा तर आसणारच."

सकाळी उठलो तेव्हा तांब्या खुंटीवर नव्हता. दाराशी आमच्या भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवलेला होता, भरलेला, झाकण आवळलेलं, आणि चिंचेनं घासल्यागत लखलखत. मला बरं वाटलं. दवाखान्यात जायचं तर भांडं नीट असावं. तुकारामानंही तो उचलून बघितला, हलवून बघितला आणि मान डोलावली.

जवळच्या स्टेशनावरनं मिरजेची पॅसेंजर धरली. रूळ रुंद झाल्यापासनं गाडीत जागा भरपूर झाली म्हणतात. आम्हाला काही ती मिळाली नाही. दाराशी उभे राहिलो. कृष्णेचं पात्र मधेच दिसायचं, मधेच उसाआड जायचं.

मिरज मोठं गाव आहे आणि त्यातलं निम्मं दवाखान्याकडं तोंड करून बसलेलं आहे. स्टेशनाबाहेर टांगेवाले "कुठल्या डॉक्टरकडं?" असंच विचारतात, कुठं जायचंय असं विचारत नाहीत. आम्ही चालत गेलो आणि चुकलो. चुकून एका गल्लीत शिरलो तर तिथं दुकानादुकानात मोठाले भोपळे टांगलेले. एकजण मांडीवर भोपळा घेऊन तासत बसला होता. मी थांबलो.

"ह्येची भाजी हुती का वो?"

"नाही आजोबा, हा कडू. याचा तंबोरा होतो."

"आणि आत काय भरता?"

"काही नाही. आत रिकामा ठेवायचा, म्हणून तर वाजतो."

तुकाराम माझ्याकडं बघून म्हणाला, "डोक्यासारखं." कारागिरानं मान वर न करता दवाखान्याचा रस्ता सांगितला.

दवाखान्याच्या आवारात झाडाखाली जागोजागी तीन दगडांच्या चुली पेटलेल्या होत्या. आजाऱ्यांची माणसं तिथंच स्वयंपाक करतात, तिथंच झोपतात. निम्मी कानडी बोलणारी. आम्ही एका कुटुंबाजवळ टेकलो. भाषा जुळत नव्हती. तरी त्यांच्यातल्या म्हातारीनं आम्हाला शेंगाची चटणी दिली आणि तुकारामानं तिला वाटेत घेतलेलं भडंग (तिखट मसाल्याचे चुरमुरे) दिलं. दोघांनी एकमेकांचं खाऊन डोळ्यांतलं पाणी पुसलं.

डॉक्टरीणबाईंची खोली मागच्या इमारतीत होती. त्या आम्हाला बघून उठून उभ्या राहिल्या. "आलात! मला वाटलं येणार नाही."

"मी येनार म्हनलो हुतो."

खोलीत सांगलीचे एक तरुण इंजिनिअर होते. टेबलावर त्यांनी मातीची एक विहीर करून ठेवली होती, परातीएवढी. अशा विहिरी कशा बंद करायच्या, गावात पाण्याची जागा कुठं असावी, जनावरांची कुठं, उकिरडा कुठं, हे ते ठरवत होते. त्यांनी समजावून सांगितलं. भिंत गावच्याच दगडाची आणि चुन्याची, म्हणजे पुढं डागडुजीला सिमेंटसाठी कुणाच्या दारात जायला नको. भोवती उतार दिलेला कट्टा, सांडलेलं पाणी चरातनं लांब केळीला, गुरांचा हौद त्याच्याही पलीकडं.

"आणि पायऱ्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

त्यांनी मातीच्या भिंतीचा तुकडा उचलून दाखवला. आत पायऱ्या तशाच होत्या. "फोडायच्या नाहीत. तोंड बंद करायचं फक्त."

"म्हंजे दडपून ठेवायच्या."

"तसं म्हणा," ते म्हणाले. मला ते उत्तर आवडलं नाही, पण गुळमुळीत बोलले नाहीत एवढं खरं.

मी तांब्या बाईंच्या पुढं ठेवला. त्यांनी तुकारामाला विचारलं, "याच विहिरीचं?" तो म्हणाला, "माज्या डोळ्यांदेखत भरलंय." त्यांनी निम्मं पाणी एका बारीक जाळीतनं गाळलं, जाळीवर राहिलेलं काचेच्या बशीत धुऊन घेतलं आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्राखाली) ठेवली. बराच वेळ त्या बघत राहिल्या. बशी सरकवली, परत बघितलं. मग बाजूला झाल्या.

"बघा तुम्ही."

मी डोळा लावला. "केसं दिसत्यात."

"त्या तुमच्या पापण्या. जरा मागं घ्या डोळा."

मग स्वच्छ उजेड दिसला. त्यात काही नव्हतं. एखादा कण, तोही न हलणारा.

बाई म्हणाल्या, "एका तांब्यावर अख्खी विहीर ठरत नाही, आजोबा. पण मी शब्द दिला होता. या पाण्यात काही नाही."

मी तुकारामाकडं बघितलं. मला वाटलं होतं तो भांडेल. तो भांडला नाही. भिंतीशी खाली बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग माजी बायकू कशानं पडलीय?" एवढंच म्हणाला, तेही कुणाला विचारल्यासारखं नाही.

"मी काय शोधत होते ते तरी बघून जा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाटातनं काचेची बरणी काढली. माण तालुक्याकडच्या एका पायविहिरीचं पाणी होतं. ते त्यांनी बशीत घेतलं. यंत्राखाली ठेवायच्या आधीच, नुसत्या डोळ्यानं, मला त्यात पांढरे ठिपके दिसले. पुढं झटका देऊन सरकणारे, थांबणारे, परत सरकणारे.

मग यंत्रातनं बघितलं. कपाळावर एकच डोळा, शेपटीला दोन शेंडे, दोन्ही कुशींना अंड्यांच्या पिशव्या. बाईंनी एक दाखवला, त्याच्या पोटात केसापेक्षा बारीक काही तरी वेटोळं करून बसलेलं होतं. "हा नारू," त्या म्हणाल्या. "नारू झालेल्याची आग व्हायला लागली की तो पाण्यात पाय सोडून बसतो. जखमेतनं ही पिल्लं पाण्यात उतरतात. हे ठिपके त्यांना खातात. तुम्ही पाण्याबरोबर ठिपका पिता. वर्षानं त्याच्या पोटातला नारू वाढून पायातनं निघतो."

मी यंत्रावरनं उठलो. आग व्हायला लागली की पाण्यात पाय सोडायचा, हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. त्यासाठीच माणसं पायरीवर बसतात.

पण मला अडलं ते निराळ्या ठिकाणी. ते ठिपके मला नवे नव्हते. चैत्रात पाणी खाली गेलं की आमच्या विहिरीत ते असतातच. ओंजळीत आले तर आम्ही फुंकर मारून बाजूला करतो आणि पितो. मग माझ्या तांब्यात ते का नव्हते? मी तांब्या उचलला आणि उरलेल्या पाण्याचा एक घोट घेतला.

पाणी गोड होतं. आमचं पाणी मचूळ (किंचित खारट) आहे, चुलीवर ठेवलं तर भांड्याला पांढरं धरतं. हे पाणी मी आदल्या दिवशी दुपारी प्यायलो होतो, गुळाबरोबर.

इंजिनिअर कागद आवरत होते, बाई बरणीला झाकण लावत होत्या. तुकाराम टोपी घालून उठत होता. मी काही न बोलता तांब्या घेऊन निघालो असतो तर ती गोष्ट कुणाला कधी कळली नसती. पण माझ्या आज्याच्या विहिरीचा निकाल दुसऱ्याच्या परसातल्या पाण्यावर लावून घ्यायला मी काही भिकेला लागलो नव्हतो.

"बाई, ह्ये पानी आमचं न्हवं."

"म्हणजे?"

"माज्या लेकीच्या आडाचं हाय. तिनं रातचं शिळं पानी वतून ताजं भरलं आसणार. तांब्या घासलेला दिसतोय की."

तुकाराम म्हणाला, "कशावरनं?"

"चाख."

त्यानं घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग माझ्याकडं बघत राहिला.

बाईंनी विचारलं, "त्या आडात कुणी उतरतं का?"

"आडात कोन उतरंल? पडलं तरच."

हे माझ्या तोंडातनं गेलं आणि तुकाराम हसायला लागला. हसत हसत परत भिंतीशी बसला. "वरनं शेंदायचा आड! बाई, तुमी जी विहीर करा म्हनता, तिचंच पानी ह्यानं छातीशी धरून आनलं! गाडीला दिलं न्हाई, कुनाला घोटभर दिलं न्हाई!"

इंजिनिअरही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता काय म्हणता, आजोबा?"

"आमचं पानी बगितल्याबिगर मी हू म्हननार न्हाई."

"मग परत मिरजेला येऊ नका. घरीच काचेच्या ग्लासात घ्या आणि काळ्या घोंगडीपुढं उन्हात धरा. दिसेल. फक्त एक करा, सोनाबाईंच्या समोर धरा."

ती शेवटची अट मला कळली नाही. पण कबूल केली.

परतताना कुंडलला थांबलो. हौसाला विचारलं तर ती म्हणाली, "आबा, शिळं पानी तसंच देऊ व्हय तुमाला वाटेत प्यायला? वतलं की कढीपत्त्याला. सासूबाई काय म्हनल्या आसत्या!" तिनं तसंच करायला पाहिजे होतं, आमच्या घरात ती तेच शिकली. तुकारामानं सासूला सगळी हकीकत रंगवून सांगितली. मी अडवलं नाही.

गावी पोचल्यावर विहिरीचं पाणी घेऊन आम्ही तुकारामाच्या घरी गेलो. सोनाची बाज दारात ऊन येतं तिथं ओढली. गुडघ्याखाली उशी, काडी फडक्यानं बांधलेली. मी तिची काळी घोंगडी मागं धरली आणि ग्लास पुढं धरला. ठिपके होते. शोधावे लागले नाहीत. मी ग्लास तसाच धरून उभा राहिलो, हात दुखायला लागला तरी.

सोना म्हणाली, "दिसलं का भावजी? का अजून एकांदा मिरजंला जाऊन येताय?"

"दिसलं."

"मग?"

"आज्यानं बांधलेल्या हायत त्या पायऱ्या."

"व्हय. पायऱ्या तुमच्या आज्याच्या. उतरून उतरून सडलेलं पाय मातुर आमचं बायकांचं. तुमी वरीसभरात कितीदा गेलाय हो कळशी घिऊन खाली?"

मी ग्लास खाली ठेवला. तिला ग्लासाकडं बघायचं नव्हतं, ती माझ्याकडं बघत होती. तेव्हा डॉक्टरीणबाईंची अट मला समजली. संध्याकाळी चावडीत जाऊन मी हो म्हणून आलो. एकच सांगितलं, पायरीचा एकही दगड निघता कामा नये.

तो शब्द इंजिनिअरांनी पाळला. पाऊस लागायच्या आत भिंत उभी राहिली आणि रहाट (दोर ओढायचं चाक) बसला. प्रवास करून आलेल्या माणसानं काही तरी शिकून यावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी हरून आलो असं गावात अजून काही जण म्हणतात. मी तसं मानत नाही. मला कुणी हरवलं नाही, मी बघितलं आणि कबूल केलं. एवढं खरं की इतका लांब जाऊन मी जे बघून आलो, ते बघायला फक्त सोनाच्या दारापर्यंत जायचं होतं, आणि तिथं मला कुणी बोलावलं असतं तरी मी गेलो नसतो.

पहिल्या दिवशी सगळे रहाटाशी जमले तेव्हा पहिली बादली मी ओढावी असं ठरलं. मालक म्हणून. मला शेंदायची सवय नाही. दोर हातातनं सुटत होता, बादली भिंतीला दोन्हीकडं आपटत वर आली आणि काठाशी आली तेव्हा निम्मी रिकामी झालेली होती. काठीवर टेकून आलेली सोना आणि कळश्या घेतलेल्या बाया बघत होत्या.

"परत सोड, ज्ञानू," तुकाराम म्हणाला. "एवढ्यात काय हुतंय?"

मी बादली परत खाली सोडली.